पद्मिनी, १९८६ : इंजिन तापले की आयडलिंग टिकत नाही, तरीही प्लग काळे पडतात. कार्बोरेटरबद्दल मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठ

नमस्कार. कराडला आमच्या घरी वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचेच, १०८९ सीसीचे आहे आणि कार्बोरेटर एका नळीचा सोलेक्स आहे. वडील गेल्यावर गाडी तीन वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीत मी टाकी काढून धुऊन घेतली, पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या, बॅटरी नवी घातली आणि कार्बोरेटर एका गॅरेजमध्ये खोलून साफ करून घेतला. गॅस्केट आणि डायफ्रॅमचा नवा संच बसवल्याचे तिथे सांगितले.

सकाळी चोक ओढला की गाडी लगेच सुरू होते. इंजिन तापल्यावर चोक आत ढकलला की आयडलिंग डळमळते आणि अर्ध्या मिनिटात गाडी बंद पडते, म्हणून आयडलचा स्क्रू आवळून ती चढ्या रेसवर ठेवावी लागते. उभ्या गाडीवरून निघताना पाय दाबला की इंजिन क्षणभर दबते, कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो आणि मग गाडी पुढे सरकते. एकदा वेग घेतला की ओढ बरी आहे, पण लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर मिळतात आणि चारही प्लग काजळीने काळे होतात.

मला उमगत नाही ते असे. चोक काढताच गाडी बंद पडते, म्हणजे पेट्रोल कमी पडत असले पाहिजे. प्लग काळे होतात, म्हणजे पेट्रोल जास्त होत असले पाहिजे. एकाच इंजिनात ही दोन्ही लक्षणे एकत्र कशी राहतात? मिश्रणाचा स्क्रू आतापर्यंत तिघांनी फिरवून पाहिला असून सध्या तो साडेचार फेरे बाहेर आहे. दोन महिन्यांनी आईला घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचे आहे आणि चढावर गाडी बंद पडली तर काय, ही काळजी आहे. हात काळे करण्याची माझी तयारी आहे; कोणत्या क्रमाने तपासावे एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

बोरघाट

ताई, आपण लक्षणे फार नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी एक विनंती करतो. मिश्रणाच्या स्क्रूला आता शेवटपर्यंत हात लावू नका. तो बाहेरून दिसतो आणि पेचकसाने सहज फिरतो, म्हणून जो येतो तो त्याच्यापासून सुरुवात करतो. प्रत्यक्षात त्याचा अंमल फक्त आयडलिंगवर आणि त्याच्या लगतच्या थोड्या रेसवर चालतो.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर यातच आहे. कार्बोरेटर बाहेरून एक दिसला तरी पेट्रोल पुरवणारे तीन-चार वेगवेगळे मार्ग त्याच्यात असतात. आयडलला पेट्रोल पायलट जेटमधून (जेट म्हणजे ठरावीक मापाचे भोक असलेला पितळी तुकडा) येते आणि थ्रॉटलच्या, म्हणजे पाय दाबला की उघडणाऱ्या, पाकळीखालच्या बारीक भोकातून इंजिनात जाते. पाकळी थोडी उघडली की तिच्या कडेपाशी असलेली प्रोग्रेशनची भोके पाझरू लागतात. पाकळी आणखी उघडली की मेन जेटचा मार्ग सुरू होतो आणि त्यानंतर बहुतेक सगळा प्रवास त्याच्यावर होतो. पाय झटकन दाबला की हवा लगेच आत धावते, पेट्रोल मात्र जड असल्यामुळे मागे राहते. ती तूट भरून काढायला कार्बोरेटरमधल्याच छोट्या पंपाचा डायफ्रॅम एक पिचकारी मारतो. आणि सोलेक्समधला चोक हा नळी झाकणारी झडप नसून पेट्रोल-हवेचा स्वतःचा जेट असलेला स्वतंत्र स्टार्टर आहे. त्यामुळे आयडलला मिश्रण विरळ, पाय दाबताना विरळ आणि रस्त्यावर दाट, हे एकाच वेळी शक्य आहे, कारण हे तीन वेगळ्या मार्गांचे दोष आहेत. तीनही तपासावे लागतील.

पण कार्बोरेटर खोलण्याआधी इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) आणि टॅपेट तपासा. टॅपेटचे अंतर, पॉइंट, कंडेन्सर, प्लगचे अंतर आणि टायमिंग या गोष्टी पुस्तकाप्रमाणे करून घ्या. हे मी सवयीने सांगत नाही. आपल्या लक्षणांशी त्याचा थेट संबंध आहे. टायमिंग मागे गेले, म्हणजे ठिणगी उशिरा पडू लागली, की इंजिनाची आयडलची ताकद कमी होते आणि गाडी चालू ठेवण्यासाठी आयडलचा स्क्रू आवळून पाकळी जास्त उघडावी लागते. पाकळी जास्त उघडली की आयडलला बंद असायला हवीत ती प्रोग्रेशनची भोके उघडी पडतात. मग मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाला फरक कळत नाही. एक चाचणी करून पाहा. इंजिन तापलेले असताना, चढ्या रेसवरच, मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. निरोगी इंजिन अडखळून बंद पडते. आपली गाडी चालूच राहिली, तर पाकळी जास्त उघडी आहे किंवा पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येते आहे.

शक्य असेल तर इंजिनाची हवेची ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज मिळवा. समुद्रसपाटीवर चांगले इंजिन आयडलला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर काटा दाखवते. उंचीबरोबर हा आकडा दर ३०० मीटरला साधारण एक इंच उतरतो, म्हणून कराडला १५ ते १९ इंच धरावेत. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. काटा संथपणे पुढे-मागे झुलत असेल तर मिश्रणाकडे पाहावे. ठरावीक अंतराने झटका देऊन खाली येत असेल तर व्हॉल्व्हची शंका घ्यावी, आणि तसे असेल तर कार्बोरेटरवर वेळ घालवून उपयोग नाही.

ताडदेव

माझ्या वडिलांनी मुंबईत सव्वीस वर्षे फियाटची टॅक्सी चालवली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी ते दिवसभर गप्प होते. त्यांच्याशी बोलून लिहितो आहे.

मेन जेट बाहेर काढून भोक मोजा, असे ते सांगतात. जेटवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. पितळ मऊ असते आणि कचरा काढायला कोणी तार घातली की भोक मोठे होत जाते. शिवाय गाडी पिकअपला दबते म्हणून मुद्दाम भोक वाढवण्याची पद्धतही होती. मोजण्यासाठी ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू वापरावी. ती अलगद घालून पाहायची, फिरवायची नाही. १.२० ची जाते आणि १.२५ ची जात नाही, असे असेल तर जेट ठीक आहे.

चोकची केबलही पाहा. डॅशबोर्डवरचे बटण पूर्ण आत गेलेले दिसते, पण केबल आखूड बसवली असेल तर कार्बोरेटरवरचा दांडा शेवटपर्यंत मागे येत नाही आणि चोकच्या स्टार्टरमधून दिवसभर पेट्रोल जात राहते. बॉनेट उघडून दांडा बोटाने मागे ढकलून पाहिला की कळते.

साधासरळ

एवढे करण्यापेक्षा नवा दुहेरी नळीचा कार्बोरेटर बसवणे सोपे पडणार नाही का? माझ्या परिचितांनी दुसऱ्या गाडीचा बसवला आहे आणि ते समाधानी आहेत.

बोरघाट

बसवता येतो, पण व्हेंच्युरी (नळीचा अरुंद भाग) आणि जेट या इंजिनाच्या मापाचे नसतील तर जुळवणीचे काम आजच्यापेक्षा वाढते. नळी मोठी झाली की आयडलजवळ हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट फुटत नाही. शिवाय हवा शिरत असेल किंवा टायमिंग मागे असेल तर नव्या कार्बोरेटरवरही हीच लक्षणे येतील आणि तोपर्यंत जुना विकला गेलेला असेल. आधी दोष सापडू द्या.

रसायनवाला

यात एक मुद्दा राहून गेला आहे, तो म्हणजे इंधनाचा. ही गाडी बनली तेव्हाचे पेट्रोल आणि आज पंपावर मिळणारे पेट्रोल एक नाही. शिसे २००० साली देशभर बंद झाले, आणि आता इथेनॉल २० टक्के आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे त्याला फक्त ९ भाग पुरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब साधारण १३.५ वर येतो. कार्बोरेटरला यातले काही कळत नाही. नव्या गाड्यांमध्ये ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती करतो, इथे ती जेटनेच करावी लागते. १४.७ भागिले १३.५ केले तर सुमारे १.०९ येते. म्हणजे पूर्वीइतकेच दाट मिश्रण हवे असेल तर सुमारे नऊ टक्के जास्त इंधन गेले पाहिजे.

जेटमधून जाणारे इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. त्यामुळे व्यास केवळ चार-साडेचार टक्क्यांनी वाढवावा लागतो. १२० च्या जागी १२५ घेतला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढते, म्हणजे जवळजवळ तेवढेच. पायलट जेटलाही हाच न्याय लागू आहे, पण तिथे बरीचशी भरपाई मिश्रणाच्या स्क्रूने होते.

इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. गाडी उभी राहिली की ते पाणी कार्बोरेटरच्या वाटीत तळाशी बसते आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. तीन वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ही भुकटी पायलट जेटमध्ये अडकलेली असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. पायलट जेटचे भोक मेन जेटच्या निम्म्याहूनही लहान असते.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन रविवार काम केले. जे सापडले ते क्रमाने लिहिते.

पहिल्यांदा स्क्रूची चाचणी केली. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत गेला तरी गाडी निवांत चालू राहिली. गेज लावले तर १३ इंच आणि काटा संथ झुलत होता. पॉइंट जळून त्यांच्यावर टेकाड झाले होते, अंतर जवळजवळ बंद झाले होते. पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले, टॅपेट पुस्तकाप्रमाणे केले आणि डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग खुणेवर आणले. ते बरेच मागे गेलेले होते. तेवढ्यानेच काटा १५ वर आला आणि आयडलचा स्क्रू दीड फेरा सैल करता आला. कार्बोरेटरला तोवर मी हातही लावला नव्हता, हे मुद्दाम नोंदवते.

दुसऱ्या रविवारी बॅटरीची तार काढून, अंगणात उघड्यावर, कार्बोरेटर उतरवला. चोकचा दांडा पूर्ण मागे येत होता, तिथे दोष नव्हता. एअर फिल्टर काढून, इंजिन बंद असताना, नळीत टॉर्चचा उजेड टाकून थ्रॉटल झटक्याने ओढला होता तेव्हा पिचकारी आलीच नव्हती; दोन थेंब कडेने ओघळले. मला वाटले डायफ्रॅम जुनाच ठेवला असेल. पण उघडून पाहिले तर तो खरोखर नवा होता. गॅरेजबद्दल मनात आलेली शंका चुकीची होती. दोष पंपाच्या आत पेट्रोल घेणाऱ्या झडपेत होता. तिची बारीक गोळी जुन्या पेट्रोलच्या चिकट राळेत रुतून बसली होती. रात्रभर क्लीनरमध्ये ठेवल्यावर ती सुटली आणि कार्बोरेटर हलवला की खुळखुळ वाजू लागली.

पायलट जेटबद्दल रसायनवाला यांचा अंदाज अचूक निघाला. उजेडाकडे धरल्यावर गोल भोकाऐवजी चंद्रकोर दिसली. आत पांढरी भुकटी होती. तार न घालता क्लीनर आणि हवेच्या दाबाने ती काढली.

आणि मेन जेट. आकडा १२०. ताडदेव यांच्या वडिलांनी सांगितल्याप्रमाणे ड्रिलची मागची बाजू घालून पाहिली, तर १.२५ ची सहज गेली आणि १.३० ची देखील गेली. रसायनवाला यांचा हिशेब उलट करून पाहिला. क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनी वाढलेले आहे. भोकाच्या कडेला उभे ओरखडे आहेत.

आता मला जे वाटते ते लिहिते, चूक असेल तर सांगा. पूर्वी कधीतरी पंपाची पिचकारी बंद पडली. गाडी पिकअपला दबू लागली. कोणीतरी पंप न पाहता मेन जेट मोठा केला, त्यामुळे दबणे थोडे झाकले गेले आणि प्लग काळे पडू लागले. मग प्लग काळे म्हणून कोणीतरी मिश्रण कमी करायला गेले, आयडलिंग गेले, म्हणून पाकळी उघडली. प्रत्येकाने समोरचे लक्षण घालवले आणि आधीचा दोष तसाच राहिला.

बोरघाट

अनुमान अगदी योग्य आहे. जुन्या गाड्यांमध्ये हे इतक्यांदा पाहिले आहे की मी कोणतीही भर किंवा दुरुस्ती आधी मूळ मापावर आणतो आणि मगच पुढे पाहतो.

एक शंका उरते. टायमिंगनंतर १५ इंच म्हणजे कराडसाठी खालची कड आहे, आणि काटा अजून झुलत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे पाकळी बसवलेली दांडी, धरून वर-खाली हलवून पाहा. एवढ्या वर्षांनंतर कार्बोरेटरच्या अंगातले भोक लांबट झालेले असते. जोडल्यावर इंजिन आयडलला ठेवून स्पिंडलच्या दोन्ही टोकांना आणि बुडाखालच्या गॅस्केटच्या कडेला इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब सोडा. थेंब पडताच रेस बदलली तर हवा तिथून जाते. काही जण यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील फवारा वापरतात; तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर ते करू नये.

वाटीतला फ्लोटही हातात घ्या; तो पेट्रोलवर तरंगतो आणि पातळी भरली की निडल व्हॉल्व्ह बंद करतो. पितळी असेल तर कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खुळखुळले तर त्याला बारीक छिद्र आहे. गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात. डाग (सोल्डर) लावून बुजवता येते, पण डाग कमीत कमी लावावा, कारण फ्लोट जड झाला की पातळी वर चढते. आणि निडल व्हॉल्व्हखालचे तांब्याचे वॉशर मूळच्या जाडीचेच हवे. ते पातळ झाले की निडल वर जाते, फ्लोट उशिरा बंद करतो आणि प्रत्येक जेटवर मिश्रण दाट होते. जेट बदलूनही प्लग काळे राहिले तर हे वॉशर पाहावे.

लीड्सकर

इंग्लंडहून लिहितो आहे. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, एसयू कार्बोरेटरची. त्यात पायलट आणि मेन असे भेद नसतात. एकच निमुळती सुई एका जेटमध्ये वर-खाली होते आणि पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे तिला उचलतो. मिश्रण तपासण्याची रीत मला फार आवडते. पिस्टन एक मिलिमीटरहून थोडा कमी उचलायचा. रेस वाढून तशीच राहिली तर मिश्रण दाट, इंजिन बंद पडू लागले तर विरळ, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. सोलेक्सवर ही युक्ती चालत नाही, पण मन लावून ऐकून ठरवणे दोन्हीकडे सारखेच आहे. इकडे २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्के आहे, तरी महागड्या दर्जाचे पेट्रोल ५ टक्क्यांचे मिळते आणि जुन्या गाडीवाले तेच भरतात. तुमच्याकडे तो पर्याय सहज मिळत नाही, त्यामुळे जेटचा हिशेब तुम्हाला जास्त उपयोगी आहे.

कृष्णाकाठ

स्पिंडलमध्ये खेळ होता. एका टोकाला तेलाचा थेंब टाकताच रेस बदलली आणि काटा दोन इंच वर गेला. कार्बोरेटर घेऊन एका लेथवाल्यांकडे गेले. त्यांनी भोक सरळ करून पितळी बुश बसवले. परत जोडताना एक गोष्ट शिकले. पाकळीचे दोन छोटे स्क्रू आधी सैल ठेवायचे, पाकळी पूर्ण मिटवून तिला नळीत स्वतःहून मध्यावर बसू द्यायचे, उजेडाकडे धरून कडेने सारखी फट दिसते का पाहायचे आणि मगच स्क्रू आवळायचे. त्यांनी स्क्रूंची मागची टोके किंचित ठोकून पसरवली, कारण एखादा स्क्रू सुटला तर तो थेट इंजिनात जातो.

फ्लोट चांगला होता. वॉशर नवे घातले.

मेन जेट आधी नवा १२० घातला, कारण मूळ मापावर यावे हा सल्ला मला पटला होता. आयडलला काही तक्रार नव्हती, पण मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वर पाय स्थिर ठेवला की गाडी हलकेच ओढायची आणि सोडायची, जणू कोणी मागून दोरी ताणून ढिली करत आहे. मग १२५ घातला. ते ओढणे-सोडणे पूर्ण थांबले. हिशेब कागदावर पाहणे आणि स्टिअरिंगवर हातात जाणवणे यांत फार अंतर आहे.

मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी लावला. तो आत हलकेच टेकवून दीड फेरा बाहेर घेतला, गाडी वीस मिनिटे चालवून तापवली, मग गेजवर काटा सर्वांत वर जाईल तिथपर्यंत स्क्रू फिरवला, आयडलचा स्क्रू सैल करून रेस खाली आणली, पुन्हा मिश्रण पाहिले, असे तीनदा केले. आता तो पावणेदोन फेरे बाहेर आहे आणि पूर्ण आत घेतला की गाडी बंद पडते. काटा १८ वर स्थिर आहे.

नवागत७

छान धागा आहे. मला एक विचारायचे आहे. माझ्या मोटारसायकलवर हा स्क्रू आत घेतला की मिश्रण दाट होते असे मेस्त्री सांगतात, आणि इथे उलट दिसते. बरोबर कोण आहे?

बोरघाट

दोन्ही बरोबर आहे. स्क्रू थ्रॉटलनंतर, इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो तयार मिश्रण सोडतो. आत घेतला की मिश्रण कमी जाते. सोलेक्सचा स्क्रू असा आहे. बऱ्याच मोटारसायकलींवर तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि फक्त हवा सोडतो; आत घेतला की हवा कमी आणि मिश्रण दाट. स्क्रू कुठे आहे ते पाहून ठरवावे. दोन्ही प्रकारांत तो आवळून बसवू नये, टोकाला घळ पडते आणि मग तो कधीच नीट लागत नाही.

कृष्णाकाठ

चिपळूणला जाऊन आलो. उतरताना काहीच अडचण आली नाही. परतीच्या चढावर, दुपारी दीड वाजता, दुसऱ्या गिअरमध्ये पुढे ट्रक असतानाही गाडी एकदाही दबली नाही. वर आल्यावर मोकळ्या जागी गाडी थांबवून एक प्लग काढून पाहिला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी. आल्यावर मोजले तर लिटरला बारा किलोमीटरच्या किंचित वर मिळाले.

एक गोष्ट मात्र घडली. कोयनानगरला चहासाठी वीस मिनिटे थांबलो आणि नंतर गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरत होता, पेट्रोलचा वास येत होता. बऱ्याच वेळाने सुरू झाली तेव्हा काळा धूर आला. हा कार्बोरेटरचा नवा दोष आहे का?

ताडदेव

ताई, वडील म्हणतात, काही बिघडलेले नाही. चढ चढून गाडी बंद केली की इंजिनाची उष्णता वाटीतल्या पेट्रोलला लागते, ते उकळते आणि जेटमधून इंजिनात ठिबकते. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ते थोडे लवकर होते. अशा वेळी चोक ओढायचा नाही आणि पाय वर-खाली करायचा नाही, कारण प्रत्येक दाबाला पंप आणखी पेट्रोल टाकतो. ॲक्सिलरेटर हळूच पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि स्टार्टर मारायचा. आत हवा जाते, साचलेले पेट्रोल निघते आणि सुरू होताच पाय काढायचा. थांबताना दहा मिनिटे बॉनेट उघडे ठेवले तरी फरक पडतो. याउलट चढावर चालत असताना गाडी अडखळून बंद पडली आणि पेट्रोलचा वास आला नाही, तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपात वाफ धरली असे समजावे. तेव्हा वडील त्या पंपावर ओले फडके ठेवत. घाटात जाताना बाटलीभर पाणी आणि एक सुती फडके डिकीत असू द्या.

कार्बोरेटरच्या बुडाखालचा जाड इन्सुलेटर मूळचा आहे ना, हेही पाहा. गॅरेजमध्ये कधी कधी त्याच्याऐवजी साधे कागदी गॅस्केट बसवतात आणि मग उष्णता थेट वर चढते.

कृष्णाकाठ

पाहिले. इन्सुलेटर आहे, पण त्याला एका कडेला तडा गेला आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तिथे चुलतभावाला विचारायला सांगितले आहे. कालच्या दुपारी गाडी तापवून वीस मिनिटे उभी केली आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे पाय पूर्ण दाबून स्टार्टर मारला. चौथ्या फेऱ्याला सुरू झाली.

भोक वाढवलेला १२० चा जेट मी फेकला नाही. त्याच्यावरचा आकडा खोटा झाला आहे, म्हणून कानशीने आकडा पुसून टाकला आणि त्याला तारेत ओवून ‘१.३०’ अशी चिठ्ठी बांधून वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत वेगळा ठेवला आहे.